फाळक्यावरचे बंधू

"काय गं, गाडी आली म्हणे! सकाळपासून बघतेय, दारात पांढरा छोटा हत्ती आणि तुझ्या सासूबाई त्याच्याभोवती नुसत्या चकरा मारतायत. नारळ फोडला का?"

"फोडला की, काकू. पण नवी नाही ओ, जुनीच घेतली. साताऱ्याच्या एका बेकरीवाल्याची होती. आता हे म्हणतायत, तेलघाण्याचं नाव टाकून घेऊ."

"मग अशी लांबून काय बोलतेस, भिंतीपाशी ये की. हां, त्या कुंडीला धक्का लावू नकोस, कालच कढीपत्ता लावलाय. बोल. काय काय लिहायचं ठरलंय?"

"ह्यांनी यादी केलीय. वहीचं पान भरून."

"वाच बघू."

"वर मधोमध श्री गणेश, उजवीकडं ज्योतिबा, डावीकडं पालीचा खंडोबा. खाली लाकडी घाण्याचे शुद्ध तेल. मग शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, खोबरेल, एरंडेल. पेंड मिळेल. तीन मोबाईल नंबर, एक ह्यांचा, एक भावजींचा, एक माझा. ईमेल. क्यूआर कोड. मामंजींचा फोटो. पोरांची नावं. आणि शेवटी, हृदयविकार, मधुमेह व सांधेदुखीवर गुणकारी."

"अगं बाई! हा टेम्पो आहे का सातबारा? फाळका मोजलाय का तुझ्या नवऱ्यानं? पाच फूट रुंदसुद्धा भरत नाही आणि उंची जेमतेम फूटभर. त्यातली मधली जागा कंपनीच्या उठावाच्या अक्षरांनी खाल्लेली. उरलेल्यात तीन देव, सहा तेलं, तीन नंबर आणि तुझे सासरे बसवायचे, म्हणजे कुणाला तरी कुणाच्या मांडीवर बसावं लागणार."

"बाजूलाही जागा आहे की ओ."

"बाजूचं कोण वाचतंय? टेम्पो साठच्या स्पीडनं चाललाय, म्हणजे सेकंदाला सतराएक मीटर. समोरून येणारा माणूस तुझं जवस वाचणार कधी? वाचतो तो मागचा. कोल्हापूर नाक्यावर गाड्या तुंबल्या की मागचा दुचाकीवाला फाळक्याकडं टक लावून बसतो, त्याला दुसरं कामच नसतं. लिहायचं ते त्याच्यासाठी. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे, दहा फुटांवरून नीट वाचायचं असेल तर अक्षर इंचभर उंच पाहिजे. पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच. फाळका बारा इंचांचा. कर हिशेब, किती ओळी बसतात."

"दोन."

"दोनच! काय विकता ती एक, आणि कुठं फोन करायचा ती दुसरी. देव केबिनच्या कपाळावर ने, तिथं त्यांना मान आहे. आणि ते हृदयविकार-मधुमेह आधी खोडून टाक. खाण्याच्या वस्तूनं रोग बरा होतो असं जाहिरातीत लिहायला मनाई आहे, एफएसएसएआयचे २०१८चे नियमच आहेत तसे. तुमच्या बाटलीवर चौदा आकडी लायसन नंबर असतो ना? तो देणाऱ्यांपैकीच कुणीतरी एक दिवस नाक्यावर तुमच्या मागं उभा राहायचा. नसती बिलामत कशाला अंगावर घ्या?"

"तुम्हाला बरं ओ एवढं ठाऊक, काकू."

"ठाऊक नसायला काय झालं! भाच्याचं रेडियमचं दुकान, आणि दुपारी कचरा काढायला मीच बसते तिथं. कचरा म्हणजे झाडलोट नव्हे गं. मशीन अक्षराच्या कडेनं नुसतं ब्लेड फिरवतं, खालचा कागद तसाच राहतो. मग नको असलेलं रेडियम सुईनं उचलून सोलायचं. 'व'च्या पोटातलं, 'थ'च्या गाठीतलं, 'क्ष'च्या तर आतड्यातलं म्हण. अनुस्वाराचं टिंब मात्र बोटानं दाबून धरायचं, नाहीतर ते कचऱ्याबरोबर जातं. इंग्रजी अक्षरं पटापट होतात, आपल्या मराठीला निगुती लागते. त्यात कॉम्प्युटरवर पोरानं अक्षरं वेल्ड केली नसली की झालंच. काना, वेलांटी, वरची रेघ जिथं जिथं एकमेकांवर चढलीय तिथं तिथं मशीन कापतं, आणि सोलताना काना हातात येतो. गावातल्याच एका दुकानात झालं तसं, आमच्या नव्हे. असाच तेलवाला होता, 'लाकडी घाणा' लिहायला दिलं. शेवटचा काना सोलताना गेला, घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही आणि गाडी गेली बाजारात."

"म्हणजे 'लाकडी घाण'?"

"मोठ्या लाल अक्षरांत! पोरांनी फोटो काढून गावभर पाठवले. हसू नकोस, पुढचा नंबर तुमचाच आहे. म्हणून सांगते, मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही. तिथून उचलून कोरलमध्ये चिकटवला की रफार एकीकडं आणि वेलांटी दुसरीकडं जाते. कागदावर सुवाच्य लिहून द्या. पोरगं श्रीलिपीत टाइप करील आणि कापायच्या आधी तू स्वतः स्क्रीनवर एकेक अक्षर बोट ठेवून वाच. नवऱ्याला पाठवू नको, पुरुषमाणसं रंगच बघत बसतात. बरं, नाव काय टाकणार?"

"आडनाव आणि पुढं 'बंधू'. भावजी आहेत ना भागीदारीत."

"बंधू... जरा इकडं सरक. मंडपवाल्यांचा टेम्पो बघितलायस का हल्ली?"

"निळा? रोज जातो की इथून."

"तोच. एकदा उन्हात नीट बघ मागून. दोघं भाऊ, मंडप-बिछायत आणि भांडी भाड्यानं द्यायची. चांगलं चाललं होतं गं. गाडीवर पिवळ्या रेडियममध्ये आडनाव आणि 'बंधू' असं हातभर लिहिलेलं. मग गेल्या लग्नसराईत थोरल्यानं एकाच तारखेला दोन कार्यं घेतली. भांडी एकाच घरची, कार्यं दोन. परत आल्यावर धाकटीनं पराती मोजल्या तर कमी. ती म्हणाली, थोरलीच्या माहेरच्या कार्यात राहिल्या. थोरली म्हणाली, तू मोजायला कोण? पुढचं तुला माहीतच आहे, पाटलांच्या ओट्यावर बैठक बसली होती रात्री बारापर्यंत."

"आम्हाला नुसता आवाज ऐकू आला होता."

"थोरल्याला गाडी आणि मंडप, धाकट्याला भांडी आणि गोडाऊन. दुसऱ्याच दिवशी थोरला गाडी घेऊन भाच्याच्या दारात. म्हणाला, बंधू काढ. बाकी राहू दे, फक्त बंधू काढ. भाच्यानं गरम हवेची गन फिरवली, नखानं टोक उचललं, अख्खं अक्षर सालीसकट निघालं. राहिलेला गोंद पुसला. आणि बघतो तर काय, बंधू जागेवरच! अगं, गाडी इतकी वर्षं उन्हात. सगळा निळा रंग विटून फिकट झालेला, आणि रेडियमच्या खालचा तेवढा नवाकोरा, गडद. आधी पिवळे बंधू होते, आता निळे झाले. पॉलिश मारून बघितलं, घासून बघितलं, थोडं फिकं पडलं पण जाईना."

"मग?"

"मग थोरला म्हणाला, त्याच्यावर दुसरी पट्टी मार. मारली पांढरी पट्टी, वर लिहिलं 'सर्व कार्यांचे ठेके घेतले जातील'. पण पट्टी अक्षरांच्या मापाची घेतली, वरच्या टिंबाचा विचारच कुणी केला नाही. 'बं'वरचं टिंब पट्टीच्या वर तसंच राहिलं. आता धाकटा चहाच्या गाड्यावर सांगत असतो, दादानं मला काढलं, पण माझं टिंब काही त्याला काढता आलं नाही."

"अगं आई गं!"

"आता तूच सांग, 'बंधू' लिहायचं?"

"आमच्यात नाही ओ तसलं काही."

"नसूच दे, माझं काय म्हणणं आहे! बंधू लिहून टिकलेलेही आहेत की आपल्याच भागातले. किर्लोस्कर ब्रदर्सचं नाव १८८८पासून चाललंय. भिलवडीच्या चितळ्यांनी पुण्यात १९५०मध्ये चितळे बंधू म्हणून पाटी लावली, ती आजही आहे. बंधू शब्दाचा काही दोष नाही. पण तुझा दीर हल्ली घाण्यावर दिसत नाही, तेवढं मला इथून दिसतं."

"काकू, तुम्ही पण ना... कुणाला बोलू नका. ते पुण्यात नोकरी बघतायत. चाकणला. ह्यांनाही पक्कं सांगितलेलं नाही अजून, मला जावेनं सांगितलं."

"बघ! आणि तुम्ही त्याचा नंबर फाळक्यावर टाकायला निघालात. मी कशाला कुणाला सांगू? मला एक सांग, शेंगा निवडून घेणं, बाटल्या भरणं, ऑर्डरी लिहिणं कोण करतं? तूच ना? मग तुझं नाव का नको गाडीवर? पोरांची नावं चालतात, सासऱ्यांचा फोटो चालतो, आईचा आशीर्वाद तर प्रत्येक ट्रकवर असतो. सुनेचं नाव तेवढं बघितलं नाही मी कुठल्या गाडीवर."

"नाव नको ओ. सासूबाई एक वेळ गप्प बसतील, पण नणंद बसणार नाही. आणि नंबर तर मुळीच नको. पार्लरवाल्या ताईंचं माहीतच आहे तुम्हाला."

"हो, तिनं हौसेनं स्कूटीवर स्वतःचा नंबर टाकला आणि रात्री अकरा-अकरापर्यंत फोन. कुणाला भुवया करायच्या नव्हत्या, नुसतं बोलायचं होतं. शेवटी ब्लेडनं खरवडला बिचारीनं, स्कूटीला ओरखडे पडले ते वेगळेच. म्हणून सांगते, धंद्याचं सिमकार्ड निराळं घ्या. तो फोन घाण्यावर राहील, रात्री आठला बंद. आणि एकच नंबर, तीन नाहीत. तीन नंबर दिसले की माणूस विचारात पडतो, कुठला लावू, तोवर सिग्नल सुटतो. नंबरची पट्टी वेगळी कापून घे, नावाला जोडून नको. उद्या बदलला तर तेवढीच पट्टी निघेल."

"आकडे मराठीत ना? हे म्हणतात सगळं मराठीत पाहिजे."

"नाव मराठीतच पाहिजे, त्यात वाद नाही. दुकानांच्या पाट्यांना तर २०२२पासून कायदाच आहे, मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही. पण फोन नंबरला इंग्रजी आकडे घाल. हायवेला लागलेली गाडी बेळगावचा माणूसही बघतो, गुजरातचा ड्रायव्हरही बघतो. शिवाय लांबून आपला एक आणि नऊ सारखेच दिसतात. पाच आकडे, मोकळी जागा, पाच आकडे. सलग दहा लिहिलेस तर वाचणारा मध्येच हरवतो. त्या तमिळनाडूच्या बोअरच्या गाड्या बघितल्यास ना, तिरुचेंगोडकडच्या? गाडीवरचं बाकी एक अक्षर आपल्याला लागत नाही. पण नंबर एवढा मोठा की बांधावरून वाचावा. आपल्याकडं बोअर मारायला येतात आणि पुढच्या गावची कामंही घेऊन जातात. शिकावं तर त्यांच्याकडून."

"सासूबाई म्हणतात, रेडियम नकोच. स्टँडजवळच्या पेंटर काकांकडून लिहून घ्या."

"त्यांचा हात काय आहे गं! मी बघत उभी राहायचे भाजी आणायला गेले की. सुताला खडू फासून दोन टोकं ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायचं, फटकन सरळ रेघ. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं, आणि ब्रश एकदा टेकला की 'श्री'ची वेलांटी पूर्ण होईपर्यंत उचलायचा नाही. मग लाल अक्षराला काळी सावली, कडेला पांढरा झटका. कोल्हापूरला सिनेमाच्या बॅनरवर शिकले म्हणतात ते. फ्लेक्स आला आणि सगळ्यांचीच भाकरी गेली. आता कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या तेवढ्या येतात त्यांच्याकडं. त्या लोखंडावर रेडियम धरतच नाही, गंज आणि वेल्डिंगचे टाके. तिथं ऑइल पेंटच लागतो."

"मग आमच्या गाडीला?"

"फाळका आणि दारं रेडियम. हौद्याच्या बाजूला पत्र्याच्या खोबणी आहेत ना, तिथं रेडियम वाकवून बसवलं की महिन्याभरात खोबणीतून सुटतं, त्यात धूळ जाते. तिथं काही लिहायचंच असेल तर पेंटर काकांना सांग. तुझ्या सासूबाईंचंही मन राहील. आणि रेडियम स्वस्तातलं नको. ते उन्हानं आकसतं, कडा उचलतात आणि अक्षराभोवती काळी किनार धरते. भाचा माझा असला तरी सांगते, त्याच्याकडंही दोन प्रकारचे रोल असतात, महागातला माग."

"नंबरप्लेटवर काही नको ना? हे म्हणत होते, ४१४१ मिळाला असता तर 'दादा' केलं असतं."

"ते दादा, राम सगळे गेले. एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी येतेच, आणि आता आपल्याकडं जुन्यांनाही ती लावायला लावलीय. त्या प्लेटला हात लावायचा नाही, वर फुलंही चिकटवायची नाहीत. मागं ते बेकरीवाल्याचं 'हॉर्न ओके प्लीज' अजून असेल बघ."

"आहे की! निळ्या अक्षरांत."

"काढून टाका. २०१५मध्येच परिवहन खात्यानं महाराष्ट्रात बंद केलंय ते, लोक उगीच हॉर्न बडवतात म्हणून. आणि परावर्तक पट्ट्या असतात त्या झाकू नका. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. तुझा नवरा हौसेनं लाल पट्टीवरच 'शेंगदाणा' चिकटवील, मग पासिंगला साहेब गाडी परत पाठवील. आठ वर्षांवर गेलेल्या गाडीला दरवर्षी पासिंग. किती सालची आहे?"

"२०१६ची."

"मग दरवर्षीच. काचेवरही मोठं काही नको. आणि सगळ्या गाडीला पिवळं स्टिकर मारायचं मनात असेल तर तेही आत्ताच काढून टाकायला सांग. आरसीवर पांढरा आणि गाडी पिवळी असं चालत नाही, रंग बदलून घ्यायला आरटीओत खेटे."

"एवढं सगळं बघायचं म्हणजे... नाव नाही टाकलं तर नाही का चालणार?"

"चालेल की! पण एक गंमत सांगते. गाडीवर नाव पडलं ना, की ती गाडी गावाच्या नजरेत येते. आपले ते केटरर्स आहेत ना, गळ्यात माळ, गाडीवर हे एवढं 'शुद्ध शाकाहारी'. श्रावणात सोमवारी त्यांचा टेम्पो मलकापूरच्या पुढं एका ढाब्यावर. कुठल्या ढाब्यावर ते सांगत नाही, पण तिथं तांबडा-पांढऱ्याशिवाय दुसरं काही मिळत नाही. गाडी मागच्या बाजूला लावली होती बाबांनी, पण तोंड आत आणि फाळका रस्त्याकडं! ते घरी पोचायच्या आत फोटो बायकोच्या मोबाईलवर."

"मग काय केलं तिनं?"

"काही नाही. ताटात साबुदाण्याची खिचडी वाढली आणि समोर बसून राहिली. त्यांना सगळी संपवावी लागली, पोटात जागा नसताना. आता गाडी कुठंही लावताना आधी फाळका भिंतीकडं करतात. ड्रायव्हरचंही तसंच. नाव नसलं की वाटेल तशी दामटतात, नाव-नंबर असला की कुणीतरी फोन करून सांगतं, तुमच्या गाडीनं आत्ता आमच्या शाळेच्या पोरांना कट मारला. बिनपगारी मुकादम मिळतो बघ."

"काकू..."

"काय?"

"हे संध्याकाळी डिलिव्हरी संपली की तास-दीड तास कुठं थांबतात, कळत नाही मला. फोन केला की म्हणतात नाक्यावर ट्रॅफिक."

"अस्सं?"

"नाव मोठ्ठंच टाका. फाळक्यावर, दारावर, बाजूलाही टाका. लांबून दिसेल असं."

"आता आलीस वळणावर! रविवारी सकाळी आठला गाडी दुकानावर पाठव, पत्रा तापायच्या आत. तापल्या पत्र्यावर रेडियम ठेवलं की लगेच चिकटतं, मग साबणाच्या पाण्यावर सरकवून सरळ करता येत नाही. शनिवारी शाम्पूनं धुऊन वाळवा. डिझेलचं फडकं मारून चमकवू नका म्हणावं, ड्रायव्हरांची ती खोडच असते, पण तेलकटावर काही धरत नाही. तुमच्या घरात तर सगळ्यांचेच हात तेलाचे. बसवल्यावर दोन दिवस पाण्याचा फवारा नको. आणि जाहिरातीला जागा देतो म्हणून कुणी सिमेंटवाला, क्लासवाला आला तर नाही म्हणायचं. दुसऱ्याची जाहिरात म्हटली की आरटीओची परवानगी आली, नसता ताप."

"आणि ओळी दोनच?"

"दोनच. 'लाकडी घाण्याचे तेल', खाली नंबर. पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरं, सगळ्यात लांबून वाचता येतात ती. आडनाव दारावर, बंधू नाही, भगिनी नाही, नुसतं आडनाव. दिराचं चाकणचं ठरलं तर उगीच कुणाला गरम हवा मारत बसावी लागणार नाही. पेंड मिळेल हे तर लिहायलाच नको, म्हशीवाल्यांना वासावरून कळतं."

"मामंजींच्या फोटोचं काय सांगू ह्यांना? त्यावरच अडून बसलेत."

"फोटो घरात लावा, हार घाला, माझी काही हरकत नाही. पण टेम्पोच्या मागच्या अंगाला पावसाळ्यात किती चिखल उडतो बघितलायस ना? पहिल्याच पावसात सासऱ्यांचं तोंड काळं झालं, की तुझ्या सासूबाई अख्ख्या गल्लीसमोर तुलाच विचारतील, ही कल्पना कुणाची."